बंदूक अडली तर दोष कोणाचा?

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय जरा आडवळणाचा आहे. बिघडणाऱ्या बंदुका!

इतिहासाच्या पुस्तकात लढाई आली की सैन्याचे आकडे येतात, सेनापतींची नावं येतात, कोणी कोणाला कुठे गाठलं ते येतं. हातातलं हत्यार ऐन वेळी बंद पडलं तर काय, ते दुरुस्त कोणी करायचं, आणि मुख्य म्हणजे चूक कोणाच्या नावावर लिहायची, याबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही. मला या प्रश्नात रस आहे कारण आमच्या धंद्यात (म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये हो!) रोज हेच चालतं. युजर म्हणतो तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं, आपण म्हणतो तुम्ही नीट वापरलं नाही. फरक एवढाच की आमच्या भांडणात सहसा कोणी मरत नाही.

मी मूळचा वरूडचा. संत्र्यांचा पट्टा, एका बाजूला सातपुडा, पलीकडे मध्य प्रदेश. आमच्याकडे बंदुकीशी संबंध येतो तो दोन प्रकारच्या लोकांचा. एक म्हणजे पोलिसात, सीआरपीएफमध्ये, लष्करात गेलेली पोरं. दुसरे म्हणजे रानडुकरांपासून पीक वाचवायला परवान्याची ठासणीची बंदूक ठेवणारे शेतकरी. नात्यातल्या एका निवृत्त सुभेदार काकांना मी एकदा विचारलं होतं की रायफल अडली तर पुढे काय होतं? ते म्हणाले, "काई नाही होत गा. पयले जवानाले इचारतेत, साफ केली होती का? बनवनाऱ्याले कोनी काई इचारत नाही."

काकांचं हे वाक्य किती खरं आहे ते तपासायला मी वाचायला लागलो. त्यातून जे हाती लागलं ते पुढे देतोय.

शिकलगारापासून कारखान्यापर्यंत

जुन्या काळी हा प्रश्न एवढा अवघड नव्हता. तोड्याची बंदूक म्हणजे लोखंडी नळी, दारू, गोळी आणि जळता दोर. तो दोर म्हणजे तोडा. पाऊस आला, तोडा भिजला, की बंदुकीची काठी झाली. पुढे चकमकीची बंदूक आली, तिच्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडायची. १८०३ साली आमच्या वऱ्हाडात अडगावला आणि गाविलगडावर इंग्रजांशी लढाया झाल्या त्या याच तोड्या-चकमकीच्या जमान्यात. एकोणिसाव्या शतकात स्फोटक भरलेली तांब्याची छोटी टोपी आली आणि पावसाची भीती बरीच कमी झाली.

या सगळ्या बंदुका वरचेवर दगा द्यायच्या. पण त्या का दगा देतात हे वापरणाऱ्याला डोळ्यांनी दिसायचं, आणि दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर असायचा. हत्यारं घासूनपुसून लखलखीत करणारे शिकलगार, लोहार, सुतार हे सैन्याबरोबरच फिरायचे. दस्ता तुटला, सुतार बसवून देणार. कमान ढिली झाली, लोहार दुसरी घडवणार. बनवणाऱ्याचं आणि वापरणाऱ्याचं तोंड रोज एकमेकांना दिसत होतं.

मग कारखाने आले. एका साच्यातले सुटे भाग, हजारो बंदुका अगदी सारख्या. फायदा उघड होता, एकीचा भाग दुसरीला बसतो. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली. आता नक्षातच चूक असेल तर ती एका बंदुकीत न राहता हजारो बंदुकांत जाते. आणि ती चूक सुधारणारा माणूस शेकडो मैल दूर बसलेला असतो. भारतात तर इंग्रजांनी १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हत्यारावर परवाना बसवला, आणि १९०४मध्ये बंगालमधल्या ईशापूरला रायफलचा कारखाना सुरू केला. सरकारच बनवणार, सरकारच वापरणार, सरकारच परवाने देणार. ही घडी स्वातंत्र्यानंतरही बरीचशी तशीच राहिली.

बंदूक अडते म्हणजे नेमकं काय होतं?

थोडं यंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आधुनिक रायफल दर गोळीला एक पूर्ण फेरा करते. मॅगझिनमधून काडतूस वर येतं, बोल्ट ते पुढे ढकलून नळीच्या मागच्या खोबणीत (चेंबरमध्ये) बसवतो आणि कुलूप लावतो. चाप ओढला की पिन काडतुसाच्या बुडावर आपटते. दारू पेटते, गोळी सुटते. त्याच दारूचा थोडा वायू मागे वळवून बोल्ट उघडला जातो, रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकलं जातं, आणि पुढचं काडतूस वर येतं. हे सगळं सेकंदाच्या एका छोट्या भागात होतं.

यातली कुठलीही पायरी चुकली की रायफल अडते. मॅगझिनला तडा गेला तर काडतूस वर येत नाही. दारूची जळायची रीत बदलली तर बोल्ट फार लवकर किंवा फार जोरात मागे येतो. चेंबरमध्ये गंज किंवा काजळी असेल तर रिकामं काडतूस आतच चिकटून बसतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण नळीच्या तोंडातून सळई घालून ते ठोकून काढावं लागतं. समोरून गोळ्या येत असताना!

दुसरा बिघाड याच्या बरोबर उलट असतो. बंदूक सुटायला नको तेव्हा सुटते. चाप आणि पिन यांच्यामध्ये एक अडणा असतो, त्याला सीअर म्हणतात. ताणलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर त्याच्या छोट्याशा कडेवर पेललेला असतो. ही कड झिजली, तिथे घाण किंवा घट्ट झालेलं तेल अडकलं, बंदूक आपटली, तर बोट न लावताही गोळी सुटू शकते. खूप गोळीबारानंतर चेंबर इतकं तापतं की नुसत्या उष्णतेनेही काडतूस पेटू शकतं.

यात एक गोम आहे. गोळी सुटली की ते सगळे भाग परत आपापल्या जागी जाऊन बसतात. नंतर कोणी तपासलं तर बंदूक अगदी व्यवस्थित दिसते. पुरावा उरत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा परत न दिसणारा बग, आणि लॉगसुद्धा नाही. मग संशय कोणावर जाणार? ज्याच्या हातात बंदूक होती त्याच्यावर.

पाषाण, कारगिल, कालिकोट

आता आपल्या रायफलकडे येऊ. इन्सास. हिचा जन्म आपल्या पुण्याचा, म्हणजे पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेतला. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान बोल्ट हाताने ओढायच्या थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. त्यानंतर ७.६२ मिलिमीटरची एसएलआर आली. ऐंशीच्या दशकात ठरलं की आता जगाप्रमाणे हलक्या ५.५६ मिलिमीटर गोळीकडे जायचं आणि रायफल आपणच बनवायची. नक्षा करताना एके-४७च्या घराण्यातून काही घेतलं, एसएलआरमधून काही घेतलं, आणि वर आपलं म्हणून काही घातलं. उत्पादन ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यांत. गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यांपैकी एक आपल्या खानदेशात, भुसावळजवळ वरणगावला.

काम लांबत गेलं. दरम्यान गरज भागवायला १९९०च्या सुमारास सुमारे १ लाख एके जातीच्या रायफली परदेशातून आणाव्या लागल्या. नव्या रायफलला पुरेशा गोळ्या देशात तयार होईनात म्हणून त्याही बाहेरून घ्याव्या लागल्या. १९९८च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास दिमाखात दिसली. आणि १९९९च्या उन्हाळ्यात कारगिल झालं.

जी रायफल नुकतीच सैन्याच्या हातात पडली होती ती थेट १५-१६ हजार फुटांवर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत गेली. तिथे तक्रारी आल्या. तिचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं होतं, आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसावं म्हणून. कल्पना छान. पण थंडीत त्याला तडे जायला लागले. रायफल अडते अशा तक्रारी होत्या. आणखी एक तक्रार जास्त गंभीर होती. इन्सासमध्ये चाप ओढला की एक किंवा तीनच गोळ्या सुटाव्यात अशी सोय होती. गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून तिच्यात पूर्ण स्वयंचलित गोळीबार मुद्दाम ठेवलेलाच नव्हता. पण तीनवर ठेवलेली रायफल काही वेळा तीनवर थांबायचीच नाही, सुटतच राहायची. म्हणजे अडणं आणि नको तेव्हा सुटणं हे दोन्ही रोग एकाच घरात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या आवृत्तीत दोष असणं हा गुन्हा नाही. जगातली कुठलीही रायफल पहिल्याच दिवशी निर्दोष आलेली नाही. इन्सास एसएलआरपेक्षा हलकी होती, तिचा नेम चांगला होता असं वापरणारेही सांगतात. कारगिलनंतर तिच्यात सुधारणाही झाल्या. प्रश्न आहे तो तक्रार आल्यावर पहिलं उत्तर काय दिलं गेलं याचा.

त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण भारताबाहेर घडलं. माओवाद्यांशी लढणाऱ्या नेपाळच्या सैन्याला भारताने मोठ्या सवलतीत इन्सास रायफली दिल्या होत्या. ऑगस्ट २००५मध्ये पश्चिम नेपाळातल्या कालिकोट जिल्ह्यात पिली इथल्या लष्करी तळावर माओवाद्यांनी हल्ला केला. चाळीसहून जास्त नेपाळी सैनिक मारले गेले. नेपाळी सैन्याकडून जाहीरपणे सांगण्यात आलं की लांबलेल्या लढाईत या रायफली नीट चालल्या नाहीत. भारताच्या बाजूने उत्तर गेलं की वापर आणि देखभाल बरोबर झाली नसावी, हवं तर आम्ही प्रशिक्षण द्यायला तज्ज्ञ पाठवतो.

काकांचं वाक्य आठवतंय ना? साफ केली होती का?

कदाचित त्यांनी खरंच साफ केली नसेल. तसं असू शकतं. पण दहा-बारा तास लढणाऱ्या माणसाला मधे बसून रायफल साफ करता येत नाही, हे रायफल बनवणाऱ्याने आधीच धरून चालायला हवं.

अमेरिकेतही हेच, पण पुढे काय झालं ते बघा

आता कोणी म्हणेल, हे सरकारी कारखाने असेच. खाजगी कंपनी असती तर असं झालं नसतं. थांबा. अमेरिकेत दोन प्रसिद्ध प्रकरणं झाली, आणि दोन्हीत पहिलं उत्तर शब्दशः हेच होतं.

पहिलं व्हिएतनामचं. एम-१६ ही रायफल साठच्या दशकात अमेरिकी सैन्याला मिळाली. हिला साफ करावंच लागत नाही अशी हवा होती, त्यामुळे कितीतरी जवानांना साफसफाईचं सामानच दिलं गेलं नाही! शिवाय मूळ नक्षा एका प्रकारच्या दारूसाठी होता आणि सैन्याने मोठ्या प्रमाणावर गोळ्या भरताना दुसऱ्या प्रकारची दारू वापरली. तिने बोल्टचा वेग वाढला, काजळी वाढली. चेंबरला आतून क्रोमचा मुलामा नव्हता, व्हिएतनामच्या दमट हवेत तिथे गंज धरायचा. परिणाम म्हणजे रिकामी काडतुसं आत अडकायला लागली. मेलेले सैनिक उघडलेल्या रायफलशेजारी सापडले, अडकलेलं काडतूस काढता काढता मेलेले. सैनिकांना सांगितलं जायचं, तुम्ही रायफल साफ ठेवत नाही.

मग सैनिकांची घरी लिहिलेली पत्रं वर्तमानपत्रांत छापून आली आणि ती संसदेपर्यंत पोचली. १९६७मध्ये प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली एक उपसमिती बसली. तिने कारखान्यात जाऊन, व्हिएतनाममध्ये जाऊन, सैनिकांना विचारून तपास केला. ऑक्टोबर १९६७च्या अहवालात तिने लष्करी अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. गोळ्यांमधला दोष माहीत असून तो दूर न करणं हे जवळजवळ गुन्हेगारी निष्काळजीपणात मोडतं, इतक्या कडक शब्दांत. चेंबरला क्रोम आलं, प्रत्येकाला सफाईचं सामान मिळालं, १९६८मध्ये विल आयस्नर या मोठ्या चित्रकाराकडून सफाईची सचित्र, कॉमिक्ससारखी पुस्तिका काढली गेली. म्हणजे सफाई महत्त्वाची होतीच. पण ती एकटीच पुरेशी नव्हती, आणि हे बाहेरच्या कोणीतरी तपासल्यावरच मान्य झालं. तीच एम-१६ नंतर कित्येक दशकं चालली.

दुसरं प्रकरण शिकारीच्या रायफलचं. रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० ही रायफल १९६२मध्ये बाजारात आली आणि प्रचंड खपली. तिच्या चापाची रचना त्याआधीची, १९४०च्या दशकातली, माइक वॉकर या इंजिनीयरची. त्यात एक छोटा सुटा जोडतुकडा होता, चाप हलका आणि गुळगुळीत लागावा म्हणून. पण त्या तुकड्याच्या आणि चापाच्या फटीत कचरा, गंज, लोखंडाचा कीस अडकला तर सीअरला पूर्ण आधार मिळत नाही. मग सेफ्टी काढली, किंवा बोल्टला हात लावला, तरी गोळी सुटू शकते.

यातली सगळ्यात खिन्न करणारी गोष्ट म्हणजे हे खुद्द वॉकरलाच आधी दिसलं होतं. १९४८मध्ये त्याने चापात एक जादा अडसर घालायचा प्रस्ताव दिला. खर्च एका रायफलमागे साडेपाच सेंट. कंपनीने तो बदल केला नाही. १९८२पर्यंतच्या रायफलींमध्ये तर गोळी बाहेर काढायची असेल तर आधी सेफ्टी काढावीच लागायची. म्हणजे माणूस बंदूक सुरक्षित करायला जातो, नेमक्या त्याच क्षणी धोका सगळ्यात जास्त. २०००मध्ये मोंटाना राज्यात एक आई शिकारीहून आल्यावर रायफल रिकामी करत होती. सेफ्टी काढताच गोळी सुटली आणि पलीकडे असलेला तिचा ९ वर्षांचा मुलगा गेला.

कंपनीचं म्हणणं कायम एकच. रायफल सुरक्षित आहे, अपघात होतात ते वाईट देखभालीमुळे, कोणीतरी चापाशी खेळल्यामुळे किंवा सुरक्षेचे नियम न पाळल्यामुळे. आणि मघाशी सांगितलेली गोम इथे कंपनीच्या उपयोगी पडली. प्रयोगशाळेत तपासलं की रायफल व्यवस्थित!

बरं, सरकारने बंदुका परत मागवायला लावायच्या ना? तर तेही शक्य नव्हतं. अमेरिकेत टोस्टरपासून खेळण्यांपर्यंत धोकादायक वस्तू परत मागवायला लावणारा एक ग्राहक सुरक्षा आयोग आहे. पण १९७६च्या कायदादुरुस्तीने त्याला बंदुका आणि गोळ्यांना हात लावायला मनाई आहे. राहिलं कोर्ट. खटल्यामागून खटले झाले, त्यातून कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, २०१०मध्ये त्यावर टीव्हीवर माहितीपट आला. शेवटी सामूहिक दाव्यात तडजोड झाली. सुमारे ७५ लाख बंदुका तिच्या कक्षेत होत्या. मॉडेल ७०० आणि तिच्या काही बहिणींना फुकट नवा चाप, काही जुन्या मॉडेलना दहा-बारा डॉलरचं व्हाउचर. कंपनीने चूक मान्य केली नाही ती नाहीच.

आणि नवा चाप तरी निर्दोष होता का? २००६पासून बसवलेला सुधारित चापच २०१४मध्ये परत मागवावा लागला, कारण जोडणीत चिकटवायचं द्रव्य जास्त पडत होतं. पॅच टाकला आणि पॅचमध्येच नवा बग. (आमच्या लोकांनी हसू नये.)

तडजोडीला २०१७मध्ये न्यायाधीशांनी मंजुरी दिली तोपर्यंत दुरुस्तीसाठी पंचवीस हजारही अर्ज आले नव्हते. ७५ लाखांतले! अर्ज करायची मुदत एप्रिल २०२०मध्ये संपली. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने दुसऱ्यांदा दिवाळखोरी जाहीर केली आणि तिचे तुकडे विकले गेले. आज कोणाच्या माळ्यावर तसली जुनी रायफल निघाली तर मूळ कंपनीच्या दारात जायची सोय राहिलेली नाही. दुरुस्तीचा हक्क मिळणं आणि दुरुस्ती खरोखर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग इन्सासचं काय झालं?

आता परत आपल्याकडे. अमेरिकेत एका प्रकरणात संसद होती, दुसऱ्यात कोर्ट. दोन्ही उशिरा आले, दोन्ही अपुरे पडले, पण दोन्ही बनवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या बाहेरचे होते. इन्सासच्या बाबतीत असं कोण होतं? प्रयोगशाळा संरक्षण मंत्रालयाची, कारखाने संरक्षण मंत्रालयाचे, दर्जा तपासणारी यंत्रणा त्याच मंत्रालयाची, आणि घेणारं सैन्यही त्याचंच. जवान ग्राहक नाही, त्यामुळे तो ग्राहक मंचात जाऊ शकत नाही. तो शिस्तीने बांधलेला, त्यामुळे वर्तमानपत्राला पत्रही लिहू शकत नाही. वरचे वरच्यांना लिहितात आणि कारखाना म्हणतो, वापर चुकला.

अशा वेळी वापरणाऱ्याकडे एकच मार्ग उरतो. हत्यार बदलून मागणं. २०१४मध्ये सीआरपीएफने तेच केलं. नक्षलग्रस्त भागात इन्सास वारंवार अडते, आम्हाला एके द्या, अशी मागणी गृह मंत्रालयाकडे गेली आणि पुढच्या वर्षी एके द्यायला सुरुवातही झाली. सैन्याने २०१९मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० रायफली घ्यायचा करार केला, २०२४मध्ये आणखी ७३ हजारांचा. उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला रशियाच्या भागीदारीत एके-२०३ बनवायचा कारखाना निघाला, सहा लाखांहून जास्त रायफलींसाठी.

म्हणजे इन्सासचा रोग पूर्ण बरा झालाय असं कोणी छातीठोकपणे सांगितलं नाही, आणि रोग नेमका काय होता तेही इकॉर्ड समितीसारखं उघडपणे मांडलं गेलं नाही. रोगीच बदलला. पुण्यात बसून नक्षा करणाऱ्या इंजिनीयरांच्या दृष्टीनेही हे वाईटच झालं. कुठल्या बॅचची मॅगझिन तडकली, कुठल्या लॉटच्या गोळ्यांनी रायफल अडली, किती थंडीत, किती गोळ्यांनंतर, हे लोकांसमोर आलं असतं तर पुढच्या रायफलला ते शहाणपण फुकट मिळालं असतं.

पुलगाव

हा रोग फक्त रायफलींपुरता नाही, आणि तो आमच्यापासून लांबही नाही. वर्धा जिल्ह्यात पुलगावला सैन्याचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६च्या पहाटे तिथे रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागून स्फोट झाला. दोन अधिकाऱ्यांसह १९ जण गेले, त्यात आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे लोक बरेच होते. नंतर बातम्यांत आलं ते असं की सुरुंगांमधलं टीएनटी पाझरत होतं. म्हणजे दोष साठ्यातच होता, आणि मेले ते साठा सांभाळणारे.

२०२०मध्ये सैन्याच्या एका अंतर्गत अहवालाच्या बातम्या आल्या. २०१४ ते २०२० या काळात सदोष दारूगोळ्यामुळे सुमारे ९६० कोटी रुपयांचं नुकसान झालं असं त्यात म्हटलं होतं. आयुध निर्माणी मंडळाने ते फेटाळलं आणि साठवण, हाताळणी अशी इतर कारणंही असतात असं सांगितलं. त्यात तथ्य नसेल असं मी म्हणत नाही. दारूगोळा खरंच हाताळणीनेही बिघडतो. पण दोन्ही बाजूंचं ऐकून निकाल देणारा तिसरा कोणी समोर नसला की दोघेही आपापल्या जागी बरोबरच राहतात.

१ ऑक्टोबर २०२१ला ते मंडळ बरखास्त झालं आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे कारखाने ज्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले तिचं मुख्यालय पुण्यात, रायफलींचे कारखाने गेलेल्या कंपनीचं कानपूरला. कंपनी म्हटली की निदान करार येतो, करारात हमी येते, मुदत येते. खाजगी कंपन्याही आता स्पर्धेत आहेत. त्याने फरक पडावा अशी आशा आहे. पण रेमिंग्टनची गोष्ट वाचल्यावर नुसत्या 'कंपनी' या शब्दावर विसंबायला मी तयार नाही.

आणि शेतातली बंदूक?

शेवटी वरूडकडच्या त्या ठासणीच्या बंदुकीबद्दल थोडं. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. त्याच कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती हा धंदासुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. परवान्यावर बंदुकीचा नंबर असतो, दारूगोळ्याची मर्यादा असते. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. सरकार बंदूक कोणाकडे आहे ते बारकाईने बघतं. ती कशा अवस्थेत आहे ते बघायचं काम ठेवणाऱ्यावरच.

या बंदुका बऱ्याचदा बापाकडून मुलाकडे येतात. घोड्याची कमान म्हातारी झालेली असते, खाच झिजलेली असते. तालुक्याच्या गावी परवानाधारक दुरुस्तीवाला सापडेलच असं नाही, म्हणून 'चालतंय तोवर चालवा' हाच नियम. टोपी चढवून भरलेली बंदूक रात्री मचाणाला टेकवून ठेवली आणि ती घसरून पडली, तर झिजलेली खाच घोडा धरून ठेवेल की नाही हे देवावर. घरात अशी बंदूक असेल त्यांना एवढंच सांगेन की टोपी अगदी शेवटच्या क्षणी चढवा, रात्र संपली की ती आधी काढा, आणि खाच झिजल्यासारखी वाटली तर अमरावती-नागपूरची चक्कर मारा पण परवानाधारक माणसालाच दाखवा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे देणं बेकायदा तर आहेच, शिवाय तापवलेल्या कमानीचा ताण जातो आणि आजार वाढतो.

जवानांच्या बाबतीत मात्र आपण बाहेरचे लोक एक छोटी गोष्ट करू शकतो. 'रायफलमधून चुकून गोळी सुटून जवान जखमी' अशी दोन ओळींची बातमी पेपरात अधूनमधून येत असते. शेवटी 'चौकशी सुरू आहे' असं असतं. ती चौकशी जवानाचीच आहे की रायफलचीही, तिचा नंबर, तिची बॅच, तिच्या गोळ्यांचा लॉट कोणी लिहून घेतलाय का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. उत्तर मिळेलच असं नाही, सुरक्षेचं कारण पुढे येईल. तरी कोणीतरी विचारतंय हे फायलीत नोंदलं जाईल.

असो. पुढच्या रविवारी भेटूच.